हिमालयाचा नकाशा नेमका कुणापासून लपवायचा?

हिमालयात कुठे काही कोसळलं, की आठवड्याभरात एक वाद ठरल्यासारखा उभा राहतो. कुणीतरी विचारतं, तिथले तपशीलवार नकाशे साध्या माणसाला का मिळत नाहीत? त्यावर एक बाजू डोळे वटारते: सीमाभाग आहे, नकाशा देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, आणि माकड पलीकडचं. दुसरी बाजू खिशातून मोबाइल काढते: अहो, उपग्रहातून सगळं दिसतंय, तुमची टोपोशीट आता रद्दीत घाला. आमच्या डोंगरवेड्या मित्रांच्या कट्ट्यावर हा सामना मी इतक्यांदा पाहिलाय, की कोण कुठल्या वाक्याला टाळी घेणार हेही पाठ झालंय. वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नकाशा म्हणजे वरून काढलेलं छायाचित्र, असं दोघांनीही गृहीत धरलंय. एकाला ते छायाचित्र लपवायचंय, दुसऱ्याला वाटतं ते केव्हाच फुटलंय. माझं म्हणणं असं: हिमनद्यांच्या प्रदेशाचा, जमिनीवर जाऊन पडताळलेला, तारीख घातलेला, निदान 1:25,000 प्रमाणाचा (कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर) स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजेच टोपोशीट, सरकारने करावा आणि लष्करी ठाणी तेवढी वगळून तो कुणालाही फुकट द्यावा. सीमेजवळचाही द्यावा. खरं तर सीमेजवळचा आधी द्यावा.

का, ते सांगतो. आपल्याकडे जमिनीची सीमा आणि समुद्रकिनारा यांच्या लगतचा सुमारे 80 किलोमीटरचा पट्टा दशकानुदशकं प्रतिबंधित मानला गेला. त्या पट्ट्यातल्या समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशांसाठी अर्ज, शिफारस, हमीपत्र असा सगळा प्रपंच. आता गेल्या काही वर्षांतली तीन नावं घ्या. जून 2013 मध्ये चोराबारी तलाव फुटून केदारनाथवर आलेला लोंढा. 7 फेब्रुवारी 2021 ला उत्तराखंडात ऋषिगंगेच्या खोऱ्यात उतरलेली खडक-बर्फाची दरड, जिच्यात 204 माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीममध्ये फुटलेला दक्षिण ल्होनाक तलाव, ज्याने चुंगथांगचं तीस्ता-3 धरण उचलून नेलं. तिन्ही जागा त्याच पट्ट्यातल्या आहेत. हा योगायोग नाही. आपल्या हिमनद्या मुळात सीमेलगतच आहेत. तेव्हा सीमेजवळचा नकाशा बंद म्हणजे हिमनदीचा नकाशा बंद.

(या पट्ट्याची झळ सह्याद्रीतल्या आम्हा लोकांनाही लागलेली आहे, कारण कोकणही त्यात येतं. माझ्या पिढीचे ट्रेकर झेरॉक्सच्या झेरॉक्सवर वाढले. चौथ्या प्रतीत समोच्च रेषा आणि झुरळाची मिशी यांत फरक उरत नसे. एका कार्यालयात मी माझ्या आजोळच्या गावाचं शीट मागितलं, तेव्हा खिडकीतल्या साहेबांनी मला 'काम काय?' असं विचारलं होतं. ज्या विहिरीत पोहायला शिकलो, तिची जागा माझ्यापासून गुप्त ठेवण्यात राष्ट्राचं कोणतं हित साधत होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.)

पण सुरक्षेचा मुद्दा थट्टेवारी नेण्याइतका हलका नाही, आणि नकाशा निरुपद्रवी असतो असं मी म्हणणार नाही. सियाचेनच पाहा. भारत-पाकिस्तानच्या 1949 च्या कराची करारात युद्धविराम रेषा एनजे 9842 या बिंदूपर्यंत नीट आखली आणि पुढे नुसतं लिहिलं, 'तिथून उत्तरेला हिमनद्यांकडे'. पुढच्या बर्फात कोण जाणार, अशी त्या वेळची समजूत. पुढे अमेरिकी नकाशांवर त्याच बिंदूपासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत एक सरळ रेषा उमटू लागली, म्हणजे अख्खी सियाचेन पाकिस्तानच्या बाजूला. 1977 च्या सुमारास एका जर्मन साहसवीराकडे असा नकाशा भारतीय लष्कराच्या कर्नल नरेंद्र कुमार यांनी पाहिला, 1978 मध्ये ते तुकडी घेऊन हिमनदीवर गेले, आणि 13 एप्रिल 1984 ला 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झालं. कागदावरच्या एका रेषेपायी दोन देशांची सैन्यं जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर जाऊन बसली.

मात्र या गोष्टीतून निघणारा धडा गुप्ततेच्या बाजूचा आहे का? मुळात भांडण पेटलं ते करार करणाऱ्यांनी नकाशाचा तो भाग कोरा सोडला म्हणून. आणि ती अमेरिकी रेषा आपल्याला कळली कशी? तो नकाशा उघड्यावर होता, कुणाही गिर्यारोहकाच्या पाठपिशवीत मिळत होता म्हणून. अमेरिकेनेही आपल्यासारखंच ते शीट कपाटात कुलूपबंद ठेवलं असतं तर? अक्साई चीनची कथाही याच अंगाने जाते. 1865 मध्ये जॉन्सन नावाचा सर्वेक्षक खोतानला जाऊन आला, त्याच्या कामावरून नकाशावर एक ऐसपैस सीमा आली, आणि पुढच्या पिढ्या त्या रेषेवर भरवसा ठेवून निवांत राहिल्या. चीनने 1957 मध्ये तिथून जाणारा रस्ता पूर्ण झाल्याचं स्वतः जाहीर केलं. आपली गस्ती पथकं शहानिशा करायला निघाली 1958 च्या उन्हाळ्यात. तिथे आपल्याला नडलं ते अज्ञान. नकाशा फुटल्यामुळे काही नडल्याचं त्या इतिहासात मला तरी सापडत नाही.

शिवाय सीमारेषा आणि समोच्च रेषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत कशाला? सीमारेषा कशी दाखवायची ते सरकारने ठरवावं. चुकीची दाखवणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा 1961 पासून आहेच, तो राहू दे. समोच्च रेषा ठरवते ती पाणी कुठे जाणार ते. उपग्रह बाळगणाऱ्या, अर्ध्या मीटरच्या तपशिलाची प्रतिमा हवी तेव्हा घेऊ शकणाऱ्या शेजाऱ्यापासून डोंगराची उंची कशी लपवणार? शत्रूचा नकाशा शत्रूकडे आहेच. नाही तो जोशीमठच्या मास्तरांकडे, चमोलीतल्या तालुक्याच्या कारकुनाकडे, बचावासाठी स्वतःहून धावणाऱ्या पोरांकडे आणि पुण्या-मुंबईतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याकडे.

हिमालयाच्या नकाशांचा इतिहास तर हेरगिरीचाच, असं यावर कुणी म्हणेल. खरंच आहे ते. कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातल्या मिलमचे नैनसिंह रावत 1865-66 मध्ये ल्हासाला गेले ते यात्रेकरूच्या वेषात. मैलाला 2,000 पावलं पडतील अशी चाल त्यांनी अंगी मुरवली होती. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या. उंची मोजायला पाण्याचा उत्कलनबिंदू. पण पुढे काय झालं ते आपण सांगत नाही. या सगळ्या मोहिमेचा वृत्तांत त्यांना पाठवणाऱ्या सर्वेक्षण विभागातल्या माँटगोमेरीने 1868 मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीपुढे मांडला आणि तो छापला गेला. नाव दडवून नुसतं 'पंडित' म्हटलं, पण मार्ग, अक्षांश, उंच्या, अगदी जपमाळेची युक्तीसुद्धा छापली. 1877 मध्ये त्याच सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिलं. इंग्रज हे औदार्यापोटी करत नव्हते, रशियाला वाकुल्या दाखवायची हौस त्यात होतीच. तरी गंमत बघा: दुसऱ्याच्या देशाचा चोरून काढलेला नकाशा त्यांनी छापला, आणि आपल्या डोंगराचा, आपल्या पैशाने काढलेला नकाशा आपण झाकून ठेवला.

'इंग्रजांचं सोडा, त्यांच्या दारात शत्रू नव्हता,' हे उत्तरही मी ऐकलंय. मग स्वित्झर्लंड घ्या. चहूबाजूंनी मोठी राष्ट्रं, आल्प्समध्ये बंकर खणून बसलेला, सक्तीची लष्करसेवा असलेला देश. त्याचा पहिला खरा स्थलनिर्देशक नकाशा, 1:1,00,000 प्रमाणाचा, 1845 ते 1865 या काळात प्रसिद्ध झाला, तो ज्याच्या देखरेखीखाली त्या गियोम-आँरी द्युफूरचा हुद्दा होता जनरल. आजही त्यांचं नकाशा कार्यालय संरक्षण खात्याच्या छत्राखाली चालतं, आणि त्याच कार्यालयाने मार्च 2021 पासून आपला नकाशांचा आणि उंचीचा साठा जगाला मोफत खुला केला. त्यांच्या शीटवर मातीवरची समोच्च रेषा तपकिरी, खडकावरची काळी आणि हिमनदीवरची निळी असते; नदी जिथे बर्फ होते तिथे रेषेचा रंग बदलतो. सैनिकांना डोंगराची किंमत कळत नाही असं नाही. कळते, म्हणूनच आपल्या प्रत्येक गावकऱ्याला डोंगर वाचता आला पाहिजे असं त्यांना वाटलं असावं.

आता मोबाइल पुढे करणाऱ्यांकडे येतो. त्यांचा मुद्दा पहिल्यांपेक्षा भक्कम आहे, हे आधी कबूल करतो. ऋषिगंगेत नेमकं काय झालं ते उपग्रहांनीच सांगितलं. त्या दिवशी सकाळी सगळ्या वाहिन्या 'हिमनदी फुटली' म्हणून ओरडत होत्या. प्रतिमांची तुलना झाल्यावर कळलं, की रोंती शिखराच्या कड्यावरून सुमारे 2.7 कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटून खाली आला. एकही माणूस वर न चढता हे उमगलं. मग कोन मोजायचं थिओडोलाइट खांद्यावर टाकून पाठवायचं कशाला कुणाला?

याचं उत्तर बर्फातच आहे. दोन बाजूंनी घेतलेल्या प्रतिमांवरून उंची काढायची तर दोन्हींत ओळखीची खूण लागते. नव्या हिमावर खूणच नसते, सगळं पांढरं. आणि उभ्या कड्याची सावली खोऱ्यात पडली, की तिथे सगळं काळं. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून झालेल्या प्रसिद्ध रडार मोजणीत ही अडचण नव्हती, पण रडारच्या लहरी कोरड्या हिमात कित्येक मीटर आत शिरतात आणि उंची कमी दाखवतात. उभ्या डोंगरांत तर मोठमोठी भोकं राहतात, आणि ती आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने बुजवलेली असतात. मोबाइलवर दिसणारा तो देखणा त्रिमित हिमालय काही ठिकाणी रफू केलेला आहे आणि रफू कुठे आहे ते पडद्यावर लिहिलेलं नसतं. आणखी एक गोष्ट मला खुपते. उत्तर ध्रुवाभोवतीचा प्रदेश आणि अंटार्क्टिका यांची 2 मीटरची उंची-प्रतिमानं (दर 2 मीटरला एक उंची देणारे संगणकी नकाशे) आज कुणीही उतरवून घेऊ शकतं. हिमालयाचं त्या तोडीचं मोफत मिळणारं प्रतिमान 8 मीटरचं, भोकं असलेलं, आणि तेही अमेरिकी संस्थेने दिलेलं. जिथे पेंग्विन राहतात त्या डोंगरांचा उघडा नकाशा आपल्या बद्री-केदारच्या नकाशापेक्षा चांगला आहे.

त्यातही हिमनदीचं शेपूट हा खरा त्रासाचा भाग. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या हिमनद्यांचं खालचं टोक दगडगोट्यांखाली गाडलेलं असतं. वरून पाहिलं तर ते हिमोढासारखंच, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगासारखंच, करडं दिसतं. बर्फ कुठे संपला आणि नुसता दगड कुठे सुरू झाला, हे ठरवायला तिथे उभं राहावं लागतं. 1939 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टनच्या मोहिमेबरोबर गेलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या फजल इलाही यांनी हिस्पार आणि बियाफो या प्रचंड हिमनद्या प्लेन टेबलवर (तिपाईवरच्या नकाशाच्या पाटावर) उतरवल्या त्या याच पद्धतीने: तिपाई रोवायची, नेम धरायचा, रेष ओढायची, तिपाई उचलायची. शिप्टनची ख्याती जगभर झाली, फजल इलाहींचं नाव आपल्या भूगोलाच्या पुस्तकात मी तरी वाचलेलं नाही.

आणि उघड्या नकाशाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची चूक पकडता येते. 1909 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक लाँगस्टाफ यांनी सियाचेनच्या माथ्याशी तेराम कांगरी हे शिखर पाहिलं आणि त्याची उंची 27,610 फूट धरली. आकडा जाहीर होता, म्हणून खळबळ माजली, पुन्हा मोजणी झाली आणि शिखर सुमारे 3,000 फुटांनी खाली आलं. लाँगस्टाफ यांची नाचक्की झाली नाही, ते थोरच राहिले. याच्या उलट आपलं उदाहरण पाहा. 2007 मध्ये हिमनद्यांचे अभ्यासक अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या 466 हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला: 1962 पासून क्षेत्र 2,077 चौरस किलोमीटरवरून 1,628 वर, म्हणजे 21 टक्के घट. अत्यंत महत्त्वाचं काम. पण तुलनेचा पाया होता जुनी टोपोशीट, आणि नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की त्या काळच्या हवाई छायाचित्रांत मोसमी हिम असलं, तर नकाशात ते हिमनदी म्हणूनच रंगवलं गेलं होतं. म्हणजे काही ठिकाणी जी हिमनदी 'वितळली' ती तिथे मुळात नव्हतीच. बर्फ वितळतोय यात शंका नाही. किती, हा प्रश्न आहे. तो सोडवायला शंभर जणांनी ती शीट तपासायला हवी होती. शीट प्रतिबंधित असतील तर तपासणार कोण? परवानगी असलेले चार जण, आणि ते चौघेही बहुधा एकमेकांच्या ओळखीचे.

दक्षिण ल्होनाक हा माझ्या युक्तिवादातला सर्वांत अवघड टप्पा, तो टाळत नाही. तो तलाव माहीत नव्हता असं नाही. तो वाढतोय हे वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं, 2016 मध्ये पाइप टाकून पाणी काढण्याचा प्रयत्नही झाला होता. तरी तो फुटला आणि 1,200 मेगावॉटचा प्रकल्प घेऊन गेला. मग नकाशाने काय दिवे लावले असते? एकटा नकाशा काहीही वाचवत नाही, मान्य. पण माहिती 'असणं' आणि माहिती योग्य हातांत असणं यांत जे अंतर आहे, तिथेच माणसं मरतात. तलावाचा धोका शोधनिबंधात होता. लोंढा आलाच तर कुठल्या वळणावर किती मीटर चढेल, आपलं घर त्या रेषेच्या वर की खाली, हे चुंगथांगच्या माणसाला स्वतः पाहता येईल असा कागद त्याच्या भिंतीवर नव्हता. नेपाळने फिनलंडच्या मदतीने 1990 च्या दशकात अख्ख्या देशाची 1:25,000 आणि 1:50,000 ची शीट काढली. काठमांडूच्या दुकानात ती विकत मिळत, आणि कुणी पाहुणा चुकून चौकशी करून गेला म्हणून नेपाळ बुडालं नाही.

माहिती झाकली की तिची जागा रिकामी राहत नाही, तिथे अफवा राहायला येते. 1965 मध्ये अमेरिकी आणि भारतीय गुप्तचरांनी नंदादेवीवर न्यायला निघालेलं प्लुटोनियमवर चालणारं उपकरण डोंगरात हरवलं. मोरारजी देसाईंनी 1978 मध्ये संसदेत ते मान्य केलं. 2021 चा लोंढा आला तेव्हा ऋषिगंगेकाठच्या रैणी गावात लोक विचारू लागले, तेच यंत्र तर फुटलं नाही? शहरातले हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्या गावाने 1974 मध्ये चिपको आंदोलनात गौरादेवींच्या मागे उभं राहून झाडं राखली, त्या गावाला स्वतःच्या डोक्यावरचा डोंगर कसा आहे हे कुणी कधी दाखवलं नव्हतं. त्यांनी हाती असलेल्या एकमेव गोष्टीवरून तर्क केला.

राहता राहिला आमच्याच जमातीचा आक्षेप, आणि तो मला खरोखर आतून कळतो. नकाशावर एखादी जागा कोरी असू दे, सगळं मोजून टाकलंत तर रान उरेल कुठे? नकाशा आला की गर्दी येते, असं हे लोक म्हणतात. नंदादेवीचं अभयारण्य 1934 मध्ये शिप्टन-टिलमननी शोधलं, 1974 मध्ये मोहिमांना खुलं झालं, आणि दहा वर्षांच्या आत कचऱ्यापायी बंद करावं लागलं. पण त्या गर्दीला परवाने आणि शिखराची कीर्ती घेऊन गेली, समोच्च रेषा नव्हेत. कलावंतीण दुर्गावर रविवारी जी रांग लागते तिच्यातल्या किती जणांनी टोपोशीट उघडलंय? गर्दी मोबाइलवरची रीळ पाहून येते. नकाशा वाचणारा माणूस उलट गर्दी चुकवतो. आणि ज्याला आपण कोरी जागा म्हणतो ती तिथल्या मेंढपाळाला कधीच कोरी नव्हती. गढवाली माणूस हिमनदीला बामक म्हणतो, कुमाऊँनी गल म्हणतो, लाहौलमध्ये ती शिग्री. सियाचेन म्हणजे बाल्टी भाषेत जिथे रानगुलाब भरपूर आहेत अशी जागा. ही नावं उपग्रहाला दिसत नाहीत. ती विचारून, ऐकून, लिहून घ्यावी लागतात, आणि लिहून घेणारा तिथे गेला नाही तर पुढच्या दोन पिढ्यांत ती कुणालाच येणार नाहीत. आपल्याकडे सोंड, घळ, नाळ, नेढं हे शब्द ज्याने जपले त्याला हे वेगळं सांगायला नको.

बदल होत नाहीयेत असं नाही. फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांना नकाशे करण्याची पुष्कळ मोकळीक दिली; 2016 च्या मसुद्यात नकाशाच्या गुन्ह्याला 100 कोटींपर्यंत दंड सुचवला होता, त्या मानाने ही उडी मोठीच. डिसेंबर 2022 च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने 2030 पर्यंत डोंगराळ भागासाठी 1 ते 3 मीटरचं उंची-प्रतिमान हे ध्येय ठेवलं. जमिनीच्या सर्वेक्षणासाठी मात्र त्याच धोरणात दोन रकाने आहेत: शहरी आणि ग्रामीण भाग 5 ते 10 सेंटिमीटरच्या तपशिलाने, 'वने आणि पडीक जमीन' 50 ते 100 सेंटिमीटरने. हिमनदी कुठल्या रकान्यात बसणार? सरकारच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहात हिमाच्छादित आणि हिमनद्यांच्या प्रदेशाची नोंद फार पूर्वीपासून आहे, पडीक जमिनीचाच एक प्रकार म्हणून. गंगा जिथून निघते ती जमीन पडीक. नकाशा खुला करायचा की नाही यावर भांडण्याआधी, सरकारच्या कागदावरची ही नोंद कुणीतरी खोडायला हवी.